रुमालाखालचा होकार

पेठच्या बाजारात माझं कासरे, वेसणी आणि घुंगरमाळांचं दुकान आहे. त्यामुळे बैलांच्या सगळ्या दलालांशी माझं रोजचं बोलणं. एक यादव भोये सोडून. त्याच्याशी बोलणं होत नाही, कारण तो बोलतच नाही.

मुका नाही तो. चहा मागतो, तंबाखू मागतो, पावसाला शिव्याही घालतो. पण हो किंवा नाही म्हणायची वेळ आली की याचं तोंड बंद. ही धंद्याची देणगी. आमच्याकडे जुने दलाल बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा, त्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव कळवायचा. घाटाखालून धरमपूरकडचे व्यापारी डांगी बैल घ्यायला येतात, त्यांची बोली निम्मी गुजराती. विकणारे सुरगाण्याकडचे. पण रुमालाखाली सगळ्यांची भाषा एकच. भोवती कितीही माणसं जमू देत, भाव दोघांनाच ठाऊक. आणि अख्खा पंजा धरून दोनदा दाबला की सौदा पक्का, मग माघार नाही.

हल्लीची पोरं मोबाइलवर बैलाचा फोटो टाकतात आणि खाली भाव लिहून मोकळी होतात. यादवला ते चौकात अंघोळ केल्यासारखं वाटतं.

घरीही तीच तऱ्हा. त्याच्या बायकोनं, वत्सलावहिनींनी विचारलं, कालवण कसं झालंय, तर हा म्हणतो, "बघू." ताट चाटूनपुसून साफ केल्यावर आणखी काय बघायचं राहतं, ते त्यालाच माहीत. मुलगी मोहिनी नर्सिंग पास झाली तेव्हा पेढे वाटले ते वहिनींनी. हा माझ्या दुकानात आला आणि चांगलीतली एक घुंगरमाळ घेऊन गेला. घरी बैल एकही नाही. कशाला रे बाबा, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "असू दे."

मोहिनी धरमपूरला एका दवाखान्यात कामाला लागली. तिथे तिला राजू गावित आवडला. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला, स्वभावानं गरीब, जातीपातीचा काही घोळ नाही. मोहिनीनं आईला सांगितलं, आईनं यादवला सांगितलं, आणि यादव म्हणाला, "बघू." त्यानंतर भात लावून झाला, कापून झाला, आंब्यांना मोहोर आला, तरी याचं बघणं चालूच. पोरगी दर सुट्टीला घाट चढून यायची आणि तशीच परत जायची. लग्न करीन तर बाबांनी हो म्हटल्यावरच, असं ती आईला सांगून बसली होती. नाही म्हणाले तर तेही ऐकेन म्हणे, पण त्यांनी काहीतरी म्हणावं. ती वाळत चालली होती आणि ते मला बघवत नव्हतं.

शेवटी राजूला घेऊन त्याचे वडीलच आले. गावित गुरुजी, निवृत्त शिक्षक, सदऱ्याला कडक इस्त्री. जीपगाड्या मिळाव्यात म्हणून बाजाराचाच दिवस धरला होता. यादव बाजारातून तसाच उठून घरी आला, खांद्यावर रुमाल. मलाही बोलावलं होतं. या घरातर्फे बोलायला कुणीतरी हवं, असं वहिनींचं म्हणणं.

चहा झाला, घाटातल्या खड्ड्यांची निंदा झाली. मग गुरुजींनी सरळ विचारलं, "काय यादवराव, मुलगी आमच्या घरात देता ना?"

मोहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. यादवच्या कपाळावर घाम आला. सरकत सरकत गुरुजींजवळ जाऊन त्यानं त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून त्यांचा पंजा धरून दोनदा दाबला.

माझा जीव भांड्यात पडला. पक्का सौदा, मनापासून दिलेला होकार. पण गुरुजींचं आयुष्य फळ्यासमोर गेलेलं. रुमालाखाली भाव चालतो, एवढंच त्यांनी बाजारातून जाता-येता पाहिलं होतं. त्यांनी झटक्यानं हात काढून घेतला.

"आम्ही मुलगी मागायला आलो होतो," ते उठत म्हणाले, "भाव करायला नाही."

"गुरुजी, ते हो म्हणाले," मी म्हणालो.

"मग तसं तोंडानं म्हणू दे त्यांना."

ते उंबऱ्याशी थांबले. खरंच थांबले, मी बघत होतो. यादव आपल्या पायांकडे बघत बसला. गुरुजी बाहेर पडले, मागोमाग राजू, वळून वळून बघत. मोहिनी कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली आणि माझं डोकं फिरलं.

"यादव," मी म्हणालो, "बैलाच्या वेळी गप्प बसतोस ते ठीक. ही पोर आहे तुझी."

गुरुजींची जीप बाजाराच्या तोंडाशी बैलांच्या गर्दीत अडकली होती. यादव अनवाणीच तिथवर गेला, रुमाल घरातच पडलेला. त्यानं जीपचं दार धरलं. आम्ही सगळे मागे.

"गुरुजी," तो म्हणाला, आणि अख्खा बाजार वळला, कारण त्याचा चढा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. "मला एकच पोर हाय. ती कायमची लांब गेली का मला घरात करमायचं नाय. म्हून इतके दिस तोंडातून हो निघंना. पण तिला तुमचा राजू पायजे, तर देतो. मनापासून देतो. भावबिव काय नाय."

गुरुजी खाली उतरले. मग म्हणाले, "चला, चहा परत गरम करायला सांगा."

मोहिनी आता रडत होती. यादवनं तिचा हात धरला आणि सवयीनं बोटं दाबायला लागला. तिनं हात हळूच सोडवून घेतला.

"तसं नाय, बाबा. मघाचं परत सांगा."

"समदे ऐकतेत."

"ऐकू दे."

यादवनं एकदा बाजाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पोरीकडे बघून म्हणाला, "तुझ्याबिगर मला करमायचं नाय."