पायाळू मनकर्णाबाईंचा पाय

आमच्या करडी गावच्या मनकर्णाबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेले. एवढ्या एका उलट्या कामगिरीवर बाईंनी गावात साठ वर्षं मान मिळवला. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो वाकत वाकत त्यांच्या अंगणात येऊन पालथा पडायचा. बाई उजवा पाय त्याच्या पाठीला हळूच लावायच्या. उसण जायची की नाही देव जाणे, माणूस मात्र लगेच उठायचा. कारण पडून राहिलं तर बाईंचा उपदेश ऐकावा लागे.

यंदा भाताच्या रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरताना बाई घसरल्या आणि नेमका तोच उजवा घोटा मुरगळला. शेजारची धुरपता जवसाचं तेल तापवून चोळायलाच बसली होती, तेवढ्यात सून उर्वशी धावत आली. उर्वशी गावची आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. सासू सोडून सगळं गाव तिचं ऐकतं.

"चोळू नका! दोन-तीन दिवस तेल नाही, शेक नाही. सूज वाढते."

तिनं बाईंना चार पावलं चालवून पाहिलं, घोट्याचं हाड दाबून पाहिलं. पाय टेकत होता, हाड दुखत नव्हतं, म्हणून दवाखाना टळला. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटं धरला, बोटं निळी पडणार नाहीत इतपत पट्टी बांधली आणि पाय उशांवर ठेवला, छातीपेक्षा उंच.

बर्फ बाईंनी सोसला, पट्टीही सोसली. पण पाय उंच?

"येनाऱ्या-जानाऱ्याच्या तोंडापुढं पाय करून झोपू? मले लाज नाही का?"

अर्ध्या गावाच्या पाठीला पाय लावलेल्या बाईला आता पायाची लाज! उर्वशीची पाठ वळली की उशा खाली. सूज हटेना.

खरं दुखणं निराळंच होतं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर त्या हळूच म्हणाल्या, "भैय्याजी, पायाळूचाच पाय मुरगळला. आता कोन येईल माह्याकडं?" मला एरवी थट्टा सुचते, तेव्हा सुचली नाही. वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी गावातला हिरालाल आला, कमरेत वाकलेला. भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटताना उसण भरली होती.

"माह्याच्यानं उभं राहवत नाही रे," बाई खाटेवर पडल्या पडल्याच म्हणाल्या.

"तू उठू नको काकी. मीच पाठ घेऊन आलो न!" म्हणत तो खाटेला लागून गुडघ्या-हातांवर ओणवा झाला. बाईंनी पट्टीचा पाय उचलला आणि अलगद त्याच्या पाठीवर टेकवला.

बर्फ घेऊन आलेली उर्वशी दारातच थांबली. "हिरालालभाऊ, वीस मिनिटं हलू नका. आईचा पाय पहिल्यांदा उंच राहिला हाय."

पाच मिनिटांतच हिरालाल कण्हला, "काकी, गेली माही उसन. आता उठू दे न."

बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "थांब न रे जरा. माहा पाय आताच कुठं बरा वाटून राहिला."