नातीचं दुसरं जावळ

गेल्या मंगळवारी गेवराईतल्या माझ्या शेजाऱ्यांनी दोन वर्षांच्या नातीचं डोकं भादरून घेतलं. लेक मुलीला त्यांच्याकडे ठेवून कामावर गेली होती. तिला विचारलं नाही. जावई मुसलमान, त्याला तर नाहीच.

हे गृहस्थ कधी आवाज चढवत नाहीत. फाटकाशी उभे राहून मिशी कुरवाळत रोज सांगतात, "आमी कुणाच्या धर्मात पडत न्हाई." त्या दिवशीही तेच सांगत म्हणाले, "जावळ तेवढं ऱ्हायलं व्हतं." ऐकून संताप आला.

संध्याकाळी लेक आली. "आबा, जावळ सासरी सातव्या दिवशी अकिक्यालाच काढलंय. तिच्या दादीनं मामासाठी पाट मांडून ठेवलता. दुपारपस्तोर थांबले लोक. तुमीच त्याला येऊ दिलं न्हाई."

"त्यांचं आपल्यात धरत न्हाईत."

लेकीनं मुलीच्या डोक्याला ओढणी बांधली. बुधवारपासून मुलगी दिवसभर दादीकडे असते.