दगडूमामांचं लाल पीठ

माझे दगडूमामा गेल्याचा फोन आला, तेव्हा आम्हा नवरा-बायकोचा अबोला चालू होता. शेवगावात आमची पिठाची गिरणी. दळायचं काम यांचं, गिऱ्हाईक सांभाळायचं माझं, आणि भांडायचं दोघांचं. अबोला असला की गिऱ्हाइकामार्फत बोलायचं. त्या दिवशी ज्वारी घेऊन आलेल्या आजींनाच म्हणावं लागलं, “यांना सांगा, मामा गेले…” आजींनी सांगितलं. यांनी गिरणी बंद केली आणि हे पोत्यावर बसून रडले. माझ्याआधी!

मामा एसटीचे निवृत्त कंडक्टर. धंद्यापायी जेरीला आलेली जोडपी ताळ्यावर आणायचा त्यांना भारी नाद. एका दिवाळीला दळणं दळून आम्ही इतके पिचलो, की मी कायमची पाथर्डीला, माहेरी निघाले. पिशवीही भरली होती. मामांनी ती काढून घेतली आणि आम्हा दोघांना श्रीरामपूरच्या एसटीत बसवलं. “टेशनात गाड्या बघत बसा. गिरनीचं नाव काढायचं न्हाई. मी हाय ना!”

दिवसभर फलाटावर बसलो, तोंडं दोन दिशांना करून. परत आलो तर सगळी गल्ली शिंकत होती. मामांनी गव्हाच्या गिरणीत मिरची दळली होती आणि तिच्यावरच गल्लीभराचे गहू. “लाल तर लाल, पीठच हाय की,” म्हणाले. आम्ही गिरणी उघडून साफ करायला बसलो. नाका-डोळ्यांतून पाणी आणि तोंडात मामा. एक शिवी यांची, एक माझी. मध्येच कळलं, अरे, आपण बोलतोय की! माहेरी जायचं राहूनच गेलं.

मामा वेंधळे, असंच आम्ही धरून चाललो होतो. दहाव्याला उलगडा झाला. शिलाईवाल्या जोडप्याचे ब्लाउज त्यांनी भलत्याच बायकांना वाटले होते. चहावाल्यांच्या चहात दिवसभर मीठ. “म्हंजे, तुमच्याकडं पन?” शिलाईवाले म्हणाले. नदीकाठी आम्ही सगळे असे हसलो, की मामींनी डोळे वटारले. मग त्याच म्हणाल्या, “मला सांगून जायचे, आज कुनाचं वाटूळं करायला निघालोय ते!”

परवा ऐन गर्दीत गिरणीचा पट्टा तुटला. मी तोंड उघडलं, यांनी उघडलं… आणि हे एकदम भिंतीवरच्या फोटोकडं वळून ओरडले, “मामा, काय करून ठिवलं हे तुमी!” फोटोचा हार सारखा करता करता मीही चार शब्द सुनावले आणि मला रडूच फुटलं. मग दोघांनी मिळून पट्टा बसवला. गेल्यावरही मामा आमच्यासाठी बोलणी खातायत.