पासष्टावी फाइल

बाबांच्या वर्षश्राद्धाआधी महिनाभर मी त्यांच्या फोटोंच्या सीडी करायला घेतल्या. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांकडे तेव्हा नेट धड चालत नव्हतं, पण टीव्हीला जोडलेला प्लेअर होता. आमच्या रत्नागिरीच्या घरातला संगणक जुनाच होता. एका फोल्डरमध्ये चौसष्ट फोटो ठेवले आणि सीडी लिहिली. शेवटी पडद्यावर आकडा आला, पासष्ट फाइली.

टीव्हीवर ती नीट चालली, म्हणून शेजारचे काका संध्याकाळी मुंबईला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर दादाला पाठवून दिली. नंतर दुसरी लिहिली, तरी पासष्टच. फोल्डर उघडून बोट ठेवून मोजले तर चौसष्ट. व्हायरस असेल म्हणून तपासलं, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातून सुटल्यावर एसटी स्टँडजवळच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे सगळं घेऊन गेले.

त्याने लपलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू केलं. फोटोंच्या शेवटी एक पुसट फाइल दिसू लागली.

"ही विंडोजच बनवते, ताई. फोटोंची बारकी चित्रं यात साठवते, म्हणजे फोल्डर लवकर उघडतो. तुम्ही आख्खा फोल्डर सीडीवर टाकलात, म्हणून हीपण गेली."

"धोका काही नाही ना?"

"काय नाय. पुसा नि परत लिहा. फक्त काढून टाकलेल्या फोटोंची चित्रंपण कधी कधी हिच्यात राहतात."

त्या फोल्डरमधून मी नऊ फोटो काढून टाकले होते. बाबा गेले त्या श्रावणातले. मागच्या पडवीत खुर्चीवर बसलेले, गालफडं आत गेलेली, सदरा खांद्यावरून उतरलेला. ते मी का काढले होते ते आजही नीट सांगता येत नाही. दादा दर रविवारी फोन करायचा आणि मी सांगायचे, थोडा अशक्तपणा आहे. बाबांनीच बजावलं होतं, "गणपतीला येतोयच तो. आता कशाला त्याला धावपळ?" गणपतीच्या चार दिवस आधी ते गेले. पावसाने रस्ता बंद होता, दादा पोचला तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते.

दुरुस्तीवाल्याकडून आल्यावर दादाला फोन करावा असं वाटलं. केला नाही. ती फाइल तो कशाला उघडेल, असा विचार केला.

आठवड्याने त्याचाच फोन आला.

"सीडीत एक फाइल उघडत नव्हती. पोरीने कुठलंसं सॉफ्टवेअर घालून उघडली," तो म्हणाला. "नखाएवढे फोटो आहेत. बाबा पडवीत बसलेत. कधीचे हे?"

"श्रावणातले."

"इतके उतरले होते?"

"हो."

"आणि तू मला अशक्तपणा म्हणत होतीस."

बाबांनीच नको सांगितलं होतं, हे मी त्याला सांगितलं. खरं असूनही बोलताना ते लटकं वाटत होतं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मोठे फोटो पाठव."

"नाहीत, दादा. पुसून टाकलेत."

कॅमेऱ्याचं कार्ड त्यानंतर कितीदा तरी भरून रिकामं झालं होतं. तरी ते आणि संगणक, दोन्ही दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने दोन दिवस ठेवून घेतले आणि काही निघत नाही म्हणाला. फाइलीतली चित्रं वाढवून पाहिली तर नुसते चौकोन दिसत होते, चेहरा राहत नव्हता. बाकीच्या नातेवाइकांच्या सीडी मी ती फाइल पुसून नव्याने लिहिल्या. त्यावर चौसष्टच फाइली आल्या.

वर्षश्राद्धाला दादा एक दिवस आधी आला. दुपारी जेवणं झाल्यावर तो मागच्या पडवीत जाऊन उभा राहिला. मी भांडी आवरून गेले तेव्हा त्याने विचारलं, "खुर्ची कुठे असायची?"

मी जागा दाखवली.

"जेवण जायचं का?"

"पेज जायची. शेवटचे दोन दिवस तीही नाही."

"दुखत होतं?"

"रात्री कण्हायचे. विचारलं की नाही म्हणायचे."

तो एकेक विचारत गेला, अंघोळ कोण घालायचं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी कोणाला ओळखत होते. मी या वेळी काही गाळलं नाही. तासभर तरी बोलत होतो. मग भटजींचा निरोप आला, दर्भ कमी पडतील म्हणून, आणि तो चपला घालून बाजारात गेला.