सावकाशीचा सोमवार

जेसांगला सावकाश पळणं कधी जमलंच नाही, आणि केनियातल्या आमच्या इतेनमध्ये याहून वाईट खोड नाही. गुरुवारी छाती फुटेस्तोवर पळा, कुणी अडवत नाही. पण सोमवारी पायांना विसावा म्हणून गप्पा मारत, डुलत डुलत जायचं. शाळेची पोरं दप्तरासकट पुढे गेली तरी जाऊ द्यायची.

नऊ वर्षं ती दुसऱ्यांना वेग लावून द्यायला पळाली. अर्ध्या वाटेपर्यंत पुढे राहायचं आणि मग मुकाट बाजूला व्हायचं. यंदा तिला बत्तीस पूर्ण झाली. शनिवारच्या चाचणीतून कॅम्पातल्या दोघींना परदेशातल्या शर्यतीला पाठवणार होते. ती संधी हुकली, तर कॅम्पातली तिची खाट दुसरीला जाणार होती.

त्या सोमवारी ती तिसऱ्यांदा गट सोडून पुढे निघाली आणि आम्हाला पळायला शिकवणारे बार्मासाई मास्तर खवळले.

"थांब! कुणाशी शर्यत लावलीस गं? झाडांशी?"

तेवढ्यात तापकिगेन आजी दुधाचा तुंबा घेऊन बाजाराला निघालेली दिसली. मास्तर म्हणाले, "आज हिच्या मागून चालायचं. ओलांडलंस, तर शनिवारी तुझं नाव नाही."

"ये गं बाई," आजी म्हणाली, "मी काही फार दमवत नाही."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

दुपारी बूट धुताना जेसांग रडत होती. "जेमातिया, एक दिवस हळू गेले ना, की वाटतं सगळं हातचं गेलं. पाय थांबले की डोकं खायला उठतं."

"मग मास्तरांना सांग की."

"काय सांगू? भीती वाटते म्हणून? तुला नाही वाटत?"

वाटत होती. पण मी बुटावरची लाल माती खरवडत राहिले.

त्याच संध्याकाळी ती चोरून टेकडी चढायला गेली. मंगळवारीही गेली. बुधवारी तिची नडगी सुजलेली मी पाहिली. तिने त्यावर फडकं घट्ट बांधलं आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मास्तरांना मी सांगायला हवं होतं. पण गटात ती दुसरी होती आणि मी तिसरी. हे मनात आलं आणि मी गप्प बसले. आता खोटं कशाला बोलू?

शनिवारी चौथ्या किलोमीटरला ती रस्त्याच्या कडेला बसली. हाडाला चीर गेली होती. मी शेजारून गेले तेव्हा तिने हाकही मारली नाही. माझा दुसरा नंबर आला. घरी सगळ्यांनी आनंद केला आणि मी बूट धुवायला बाहेर गेले.

सोमवारी पहाटे आम्ही पळायला निघालो. माझ्या परदेशी जाण्याला तीनच आठवडे उरले होते. वळणावर जेसांग काठी टेकून गाडीची वाट बघत उभी होती. गावी निघाली होती. गादीची वळकटी पायाशी होती आणि शेजारी तापकिगेन आजी तुंबा घेऊन बसली होती. जेसांगच्या नजरेला नजर द्यायचा धीर नव्हता, म्हणून मी मान खाली घालून पुढे निघाले.

"जेमातिया!" ती ओरडली. "कुणाशी शर्यत लावलीस गं?"

तो टोमणा नव्हता. तिचा आवाज घाबरलेला होता. मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे रस्त्यावर कुणीच नव्हतं. गट पार टेकडीखाली राहिला होता.