पडवीतला लाल जनरेटर

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं दुखू लागतं. हे मी उगाच लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

मालवणच्या किनारपट्टीवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. वादळी पावसाने तारा तुटून दोन दिवस वीज नव्हती. दुपारी रुग्णालयातून खबर आली, एक म्हातारे गृहस्थ बेशुद्धावस्थेत दाखल, विषबाधेचा संशय. पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन. "सुनेन जेवणात केंड घातल्यान. जनरेटरावरून आठ दिवस भांडणा चलली हत." केंड हा विषारी मासा, इकडे पोरंसुद्धा ओळखतात.

घरात सून आणि सासरे दोघंच. मुलगा गोव्यात नोकरीला. सून घरून जेवणाचे डबे द्यायची, शाळेतले शिक्षक आणि बँकेची माणसं तिची गिऱ्हाइकं. मी पंचनामा केला. माशांच्या आमटीचा टोप सील करून मुद्देमालात घेतला. पडवीत एक जनरेटर होता, तेव्हा बंद केलेला, त्याचीही नोंद केली: 'लाल रंगाचा, नवीन, नग एक.' एवढं लिहून मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा, म्हणून आमच्या हवालदार बाई सोबत होत्या. आम्ही माजघरात बसलो. सून मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. चुलीच्या धुरासाठी परसदार सताड उघडं होतं. तिने पाणी पुढे केलं, ते आम्ही घेतलं नाही. संशयिताच्या घरचं पाणी कोण पिणार.

"फ्रिजात डब्यांचे मासे आसत, जनरेटर चालू करू?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने पडवीत जाऊन दोरी ओढली आणि पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसली. त्या आवाजात मला ओरडून विचारावं लागत होतं.

"भांडण कशावरून झालं?"

"मामांका, म्हणजे सासऱ्यांका, इन्व्हर्टर होयो होतो, आवाज नाय म्हणान. पन दोन दिवस लाईट नसली तर बॅटरी भरूची कशावर? फ्रिज सुरू होताना जास्त ओढता, म्हणान ल्हान जनरेटर चलणा नाय. बिनआवाजाचो परवडना नाय. म्हणान ह्यो उघडो घेतलंय."

केव्हीए, वॅट असं बरंच काही ती सांगत होती. माझ्या डोक्यात काही शिरेना. आमटी तिनेही खाल्ली होती, मग ती ठणठणीत कशी? मी विचारलं, जेवण कोणी वाढलं. तिने सांगितलं. थोड्या वेळाने मी तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. कपाळ ठणकत होतं. मी चिडून हवालदार बाईंची वही ओढली, तर एकच ओळ चार वेळा लिहिलेली. त्यांना झापणार, तोच त्या तोंडावर पदर धरून परसदारी धावल्या आणि ओकल्या. मीही भिंत धरत मागे गेलो. उघड्यावर आल्यावर हळूहळू माझं डोकं जरा हलकं झालं.

या घरातलं पाणीसुद्धा आमच्या पोटात नव्हतं. मग आम्हाला झालं काय?

"जनरेटर बंद कर आधी," मी ओरडलो. वळसा घालून पुढच्या अंगणात गेलो आणि मग दिसलं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री खालपर्यंत घट्ट बांधलेली, आत शिरायला जेमतेम एक फट. दर पावसाळ्यात सगळं गाव बांधतं. धूर जाणार कुठे? उघड्या दारातून थेट माजघरात, जिथे सासऱ्यांची खाट होती. सून मागे परसदाराच्या वाऱ्यावर, म्हणून ठणठणीत.

"दुकानदारान सांगल्यान, पावसात ठेवचो नाय, घरात ठेवचो नाय. म्हणान पडवीत ठेवलंय," जनरेटर बंद करून बाहेर येत ती म्हणाली. "म्हणजे मामांका मीच मारलंय?"

मी रुग्णालयात फोन लावला. डॉक्टरांनी इंजिनाच्या विषारी वायूच्या दिशेने तपासणी केली, तेच निघालं. दोन दिवसांनी सासरे बोलू लागले. पहिलं वाक्य, "फ्रिजातले मासे टिकले मां?"

कागदोपत्री सून सुटली, पण गावात नाही. एकेक गिऱ्हाईक कळवू लागलं, काही दिवस डबा नको. सील केलेला टोप तिच्या घरातून माझ्या जीपमध्ये जाताना सगळ्या वाडीने पाहिला होता. जनरेटर कुणी पाहिला नव्हता, आणि मी तर पाहून लिहूनही घेतला होता. निनावी फोनवर मी जेवढा विश्वास टाकला त्याच्या निम्मं लक्ष त्या लाल यंत्राकडे दिलं असतं, तर त्या बाईची बेअब्रू टळली असती. याची लाज मला आजही वाटते.

टोप परत द्यायला मी स्वतः गेलो, गणवेशात, भर दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला. ताडपत्री काढून टाकलेली होती. जनरेटर अंगणापलीकडे, पत्र्याच्या उघड्या छपराखाली. मी रस्त्यावरून दिसेन असा पडवीत बसलो आणि जेवायला मागितलं.

तिने आधी पाण्याचा तांब्या ठेवला. "सायबांनू, त्या दिवशी तुम्ही पाणी पन घेतल्यात नाय."

मी तांब्या उचलला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मास्तरांकडे बघत सगळा रिकामा केला.