धक्क्याच्या दगडातलं भोक

आमच्या वस्तीजवळच्या तलावाला मासेमारीचा दगडी धक्का होता. राजांच्या काळातला, असं म्हातारे सांगत. त्याच्या कडेच्या दगडांना आरपार भोकं होती. डोंगे, म्हणजे आमच्या लाकडी होड्या, बांधून बांधून दोरांनी ती गुळगुळीत झालेली. नागपुरातल्या आम्हा मासेमार ढिवरांपैकी प्रत्येक घराचं भोक ठरलेलं असे. नवी सून आली की आधी धक्क्यावर जाऊन सासरचा डोंगा घरच्या भोकाला बांधी, मगच उंबरठा ओलांडी.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्या उन्हाळ्यात थोरल्या भावाचं लग्न उमरेडकडे झालं. सगळी वस्ती वऱ्हाडी म्हणून गेलेली. परतून वाजतगाजत धक्क्यावर पोचलो, तर भोकं चुन्याने बुजवलेली! आम्ही नसताना सरकारी दुरुस्ती सुरू झाली होती. गवंड्यांना वाटलं, दगड फुटलेत.

वाजंत्री थांबली. मागून कोणीतरी 'अपशकुन' असं पुटपुटलं.

"आता घरात कसं घेऊ वं हिले?" आई मावशीला म्हणाली. वहिनी हळदीच्या हातांत दोर धरून उन्हात उभी होती. तिने ऐकलं असणार. मला तिच्याकडे बघवेना.

वडिलांनी मला पुढे ढकललं. "कालेजात जाऊन राहिला ना गा तू? मंग बोल सायबासंग."

दुरुस्तीवरचे ओव्हरसियर साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत गेलो. "सर" म्हटलं आणि पुढचं सगळं विसरलो. मग मराठीतच, अडखळत, भोक, दोर आणि वहिनी, जसं सुचेल तसं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. "मंग हे काल काहून नाही सांगितलं कोणी?"

"काल सगळे लग्नात होते, सर."

"अन् मले बोलावलं नाही!" ते हसले. गवंड्याला हाक मारून म्हणाले, "अगा, चुना ओलाच आहे अजून. काढ. यांचं आधी, मंग बाकीच्यांचं."

मी धावत जाऊन गवंड्याला आमचं भोक दाखवलं.

गवंड्याने सळईने भोक मोकळं केलं. वहिनीने दोर ओवला, पण पहिली गाठ सुटली आणि डोंगा मागे सरकला.

"माहेरी डोंगा नव्हता का वं?" मावशीने टोमणा मारला.

"होता. पण त्याले कोणी चुना नव्हता लावला," वहिनी पदराआडून म्हणाली. भाऊसुद्धा हसला. दुसरी गाठ पक्की बसली.

वहिनीने हात वर केले, तेव्हा हळदीला ओला चुना लागून दोन्ही तळवे लालभडक झाले होते. आईने ते हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि मोठा श्वास सोडला.

"कोण म्हणत होतं गा अपशकुन?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पाहा, कुंकू झालं हिच्या हाताचं. चाल वं माय, घरी."

वाजंत्री पुन्हा सुरू झाली.